गार्डन रीच आणि ससून घराण्याचे पुणे : प्रस्तावना

बगदादहून मुंबईत येऊन स्थिरावलेल्या ससून या ज्यू व्यापारी घराण्यासाठी पुण्यात नदीच्या काठी १८६२ ते १८६४ या काळात ‘गार्डन रीच’ नावाचे एक भव्य निवासस्थान उभे राहिले. त्याचा आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी अभियंत्याने केला होता आणि १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरने, म्हणजे सरकारने जिल्हावार तयार करविलेल्या माहितीग्रंथाने, पुणे खंडात त्याला स्वतंत्र नोंद दिली. उंच मनोरा, कमानींच्या ओळी, रुंद व्हरांडे, कारंजी आणि नदीच्या कडेने पसरलेली बाग असे या वास्तूचे रूप पाहिले, तर ती एका धनिकाची हौस वाटते. परंतु तिच्या आसपास त्याच दशकात, त्याच घराण्याच्या पैशाने आणि त्याच अभियंत्याच्या हातून उभ्या राहिलेल्या प्रार्थनामंदिराचा व रुग्णालयाचा एकत्र विचार केला, की तिचा अर्थ बदलतो. परमुलखातून आलेला, ज्याला येथे वतन नाही, गाव नाही आणि भाऊबंदकीही नाही, असा माणूस बांधकामाच्या आधारे प्रतिष्ठित रहिवासी कसा होतो, याचे गार्डन रीच हे महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण ठरते, आणि याच दृष्टीने प्रस्तुत विवेचन त्याच्याकडे पाहते.

प्रारंभी काही संज्ञा स्पष्ट करणे इष्ट होईल. युरोपात सरंजामी काळी ज्या तटबंद निवासांना ‘कॅसल’ म्हणत, ते सरदाराचे घर आणि त्याचा किल्ला एकाच वास्तूत सामावून घेत असत. मराठी मुलखात या प्रकाराला सर्वांत जवळची रचना म्हणजे गढी, जिच्या मातीच्या वा दगडी बुरुजांआड देशमुखाचा किंवा पाटलाचा वाडा असे. तोफांच्या सुधारणेनंतर युरोपातील अशा निवासांचा संरक्षणासाठी उपयोग उरला नाही. तरी बुरूज, मनोरा आणि कंगोरे यांना घराण्याच्या प्राचीनतेची खूण म्हणून मान राहिला आणि एकोणिसाव्या शतकात कारखानदार, सावकार व व्यापारी यांनी आपल्या नव्या घरांवर ही चिन्हे हौसेने चढवली. अशा घराचा मनोरा शत्रूवर नजर ठेवण्यासाठी नसे. मालकाचे स्थान दुरून दिसावे, एवढेच त्याचे काम असे. गार्डन रीच हा लष्करी अर्थाने किल्ला नव्हता, हे सांगायला नकोच. मात्र मनोऱ्याच्या आणि भव्य प्रवेशद्वारांच्या जोरावर परिसरावर स्वामित्व सांगणाऱ्या या किल्लेवजा निवासांच्या कुळातच त्याची गणना करावी लागते.

दुसरी संज्ञा मिश्रशैलीची आहे. एकाच वास्तूत निरनिराळ्या देशांतील व काळांतील घटक जाणीवपूर्वक निवडून एकत्र आणण्याच्या पद्धतीला वास्तुशास्त्राच्या इतिहासात मिश्रशैली किंवा संकलनशैली म्हणतात. तिच्यात इटलीतील ग्रामीण प्रासादांचे चौकोनी मनोरे येतात, मध्ययुगीन चर्चमधून घेतलेल्या टोकदार कमानी, म्हणजेच गॉथिक कमानी येतात, आणि पौर्वात्य देशांतील जाळ्या, कारंजी व रंगीत फरशाही येतात. पोर्तुगालमधील सिंट्रा येथे फ्रान्सिस कुक या धनाढ्य इंग्रज कापड व्यापाऱ्याने याच सुमारास उभारलेला मोन्सेरात प्रासाद हे तिचे प्रसिद्ध युरोपीय उदाहरण असून, तेथेही मालक परदेशीच होता हा योगायोग मानता येत नाही. ज्याच्या घराण्याची मुळे त्या भूमीत रुजलेली असतात, त्याला वाडवडिलांच्या घराचा नमुना समोर असतो; परक्याला मात्र आपल्या घराचे रूप निवडावे लागते, आणि निवडीचे स्वातंत्र्य व निवडीची सक्ती अशा दोन्ही गोष्टी मिश्रशैलीच्या मुळाशी असतात.

बाहेरून आलेल्या माणसाने बांधकामाच्या आधारे मुळे धरावीत, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नव्हती, आणि तिचे सर्वांत बोलके दाखले वैनगंगेच्या खोऱ्यात सापडतात. भंडारा जिल्ह्याची ओळख तलावांचा जिल्हा अशी आहे आणि त्या तलावांचे श्रेय ज्या कोहळी समाजाला दिले जाते, त्याला चांद्याच्या गोंड राजाने काशीच्या बाजूने आणून वसवले अशी परंपरा आहे. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच मोडणारा नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो. त्याच जिल्ह्यात तुमसरजवळच्या सातपुड्याच्या डोंगरावर देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या पदरी असलेल्या राजा खान पठाणाने १७००च्या सुमारास अंबागड बांधला, ज्याचा पुढे नागपूरकर भोसल्यांनी तुरुंग म्हणून उपयोग केला. या दोन बांधकामांतील फरक महत्त्वाचा आहे. अंबागडाने सत्ता राखली आणि सत्ता गेल्यावर त्याचे प्रयोजनही गेले. तलावांनी मात्र धानाला पाणी दिले आणि बांधणाऱ्यांना त्या मातीत कायमचे स्थान मिळवून दिले. परक्याचे बांधकाम इतरांच्या किती उपयोगी पडते, यावर त्याचे आपलेपण अवलंबून राहते, असा नियम या उदाहरणांतून काढता येईल, आणि ससून घराण्याच्या बाबतीत तो कितपत लागू पडतो हे पाहणे उद्बोधक आहे.

या घराण्याचा मुंबईतील मूळपुरुष डेव्हिड ससून १७९२ मध्ये बगदाद येथे जन्मला. त्याचे वडील ससून बिन सालेह हे बगदादच्या पाशाचे, म्हणजे उस्मानी साम्राज्याच्या प्रांताधिपतीचे, खजिनदार होते आणि तेथील ज्यू समाजाचे पुढारीपणही त्यांच्याकडे होते. दाऊद पाशाच्या कारकिर्दीत ज्यूंचा छळ वाढल्यावर डेव्हिडला शहर सोडावे लागले. इराणच्या आखातातील बुशहर बंदरात काही काळ काढून तो १८३०च्या दशकाच्या आरंभी मुंबईत आला. ईस्ट इंडिया कंपनीचा चीनच्या व्यापारावरील मक्ता याच सुमारास संपुष्टात आल्याने खासगी पेढ्यांना पूर्वेकडची बंदरे खुली झाली होती. ससून पेढीने ही संधी साधली, आणि १८४२च्या नानकिंग तहानंतर चीनची आणखी बंदरे उघडताच डेव्हिडने इलायस या मुलाला तिकडे पाठवले. मुलांना एकेका बंदरात बसवून पत्रव्यवहार घरच्या भाषेत चालवायचा, ही या पेढीची रीत होती. ही भाषा म्हणजे हिब्रू लिपीत लिहिली जाणारी ज्यू-अरबी होय. १८५३ मध्ये डेव्हिडला ब्रिटिश प्रजाजनत्व मिळाले तेव्हा त्याने कागदावर हिब्रूत सही केली, असे सांगितले जाते. त्याचा बगदादी पोशाखही अखेरपर्यंत सुटला नाही, आणि मुंबईच्या डेव्हिड ससून ग्रंथालयातील पुतळ्यातही तो त्याच पायघोळ वेशात उभा आहे.

ही संपत्ती कशातून आली, याचा उल्लेख टाळून गार्डन रीचचे वर्णन करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ससून पेढीच्या व्यापारात कापूस, सूत, कापड आणि मसाले होते, परंतु तिच्या भरभराटीचा मोठा आधार अफू होता. माळव्यात पिकणारी अफू मुंबईत येई, इंग्रज सरकार परवान्याच्या रूपाने तिच्यावर कर घेई आणि पुढे ती जहाजांतून चीनला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यापारात ससूनांचे वर्चस्व निर्माण झाले. यात ते एकटे नव्हते, कारण मुंबईतील अनेक नामांकित पारशी व गुजराती घराण्यांच्या दानधर्मामागेही याच मालाचा नफा होता आणि सरकारी तिजोरी स्वतः त्याची मोठी भागीदार होती. त्यातच १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि पश्चिम भारताच्या कापसाचे भाव कडाडले. वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्यातील कापसाला, विशेषतः हिंगणघाटच्या मालाला, मुंबईत मागणी आली. नागपूरपर्यंत रेल्वे मात्र १८६७ मध्ये पोचली, म्हणजे तेजी ओसरल्यानंतर, आणि तोवर हा माल बैलगाड्यांनीच दूरवर न्यावा लागला. गार्डन रीचच्या बांधकामाची वर्षे या तेजीच्या वर्षांशी तंतोतंत जुळतात. १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईतील सट्टा कोसळला आणि अनेक पेढ्या बुडाल्या, परंतु ससूनांची पेढी टिकून राहिली.

मुंबईत भायखळ्याला ‘सां सूसी’ हा प्रशस्त बंगला असताना पुण्यात दुसरे घर कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर राज्यकारभाराच्या वार्षिक क्रमात आहे. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर पावसाळ्याचे महिने पुण्यात काढी आणि त्याच्यामागोमाग सचिव, सेनाधिकारी व न्यायाधीश यांचा सारा लवाजमा घाट चढून येई; ज्या व्यापाऱ्याला दरबारी वजन हवे असे, त्यालाही त्या दिवसांत पुण्यात असणे भाग पडे. १८६३ मध्ये बोरघाटातील रेल्वेमार्ग खुला झाल्याने, पूर्वी पालखीत किंवा गाडीत बसून पार करावा लागणारा घाट सुकर झाला आणि मुंबईची पेढी न सोडता पुण्यात घर ठेवणे शक्य झाले. नदीचा काठ निवडण्यामागेही कारण होते. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५०च्या सुमारास मुळा-मुठेवर बंधारा झाला होता आणि त्यामुळे संगमाच्या खालच्या अंगाला उन्हाळ्यातही पाणी राहू लागले होते. एका पारशी दात्याने शहराला दिलेल्या पाण्यामुळे नदीकाठच्या जागांची शोभा आणि किंमत दोन्ही वाढली, आणि बगदादच्या व्यापाऱ्याची बाग तशाच काठावर फुलली.

वास्तूचा कर्ता विल्किन्स हा वास्तुविशारदाच्या व्यवसायातला नव्हता, तर मुंबईच्या अभियंता दलातला अधिकारी होता. रस्ते, पूल आणि लष्करी इमारती बांधणाऱ्या या दलातील माणसांनीच त्या काळी पश्चिम भारतातील मोठ्या सार्वजनिक वास्तूंची आखणी केली. मुंबईचे जुने सचिवालय आणि शेजारचे सार्वजनिक बांधकाम खात्याचे कार्यालय या १८७०च्या दशकातील इमारती त्याच्याच, आणि त्यांत व्हेनिसच्या धर्तीची गॉथिक शैली उष्ण हवामानाला साजेशा खुल्या सज्जांशी जुळवून घेतली आहे. कच्छचा राजा प्रागमलजी याने भुजमध्ये १८६५ साली सुरू केलेला प्राग महाल हाही विल्किन्सच्याच आराखड्यावर उभा राहिला आणि त्यावरही उंच घड्याळी मनोरा आहे. एक संस्थानिक आणि एक निर्वासित व्यापारी यांनी जवळजवळ एकाच वेळी एकाच अभियंत्याकडून मनोरा असलेला महाल बांधून घ्यावा, यावरून त्या काळात प्रतिष्ठेची वास्तुभाषा कशी ठरून गेली होती ते समजते. गव्हर्नरसाठी गणेशखिंडीत उभारलेले सरकारी निवासस्थान, जे आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, त्याचाही मनोरा इटालियन घाटाचाच आहे. त्याचे काम १८६४ मध्ये सुरू झाले, म्हणजे गार्डन रीच तेव्हा पूर्णत्वास येत होते. पुण्यातील या फॅशनमध्ये व्यापारी सरकारच्या मागे नव्हता, उलट एक पाऊल पुढेच होता.

गार्डन रीचची रचना या पार्श्वभूमीवर वाचली, तर तिच्यातील प्रत्येक घटकाला स्वतंत्र मूळ असल्याचे लक्षात येते. दगडी खांबांच्या लोखंडी फाटकांतून आत जाणारा गाडीरस्ता आणि पावसात न भिजता बग्गीतून उतरण्यासाठी केलेला छतबंद पोर्च ही इंग्लंडच्या जमीनदारी घरांची देणगी आहे. भोवतालचे व्हरांडे हे हिंदुस्थानातील बंगल्याचे अंग असून, भिंतींवर थेट ऊन पडू न देता वारा खेळता ठेवणे हे त्यांचे काम होते. कारंजी आणि वाहत्या पाण्याकडे उघडणारी बाग ही इंग्रजी अभिरुचीलाही मानवणारी होती, परंतु तैग्रिस नदीच्या काठी वाढलेल्या कुटुंबाला ती विशेष ओळखीची वाटली असणार, असा तर्क करता येतो. पुणेरी वाड्याशी तुलना केल्यास फरक आणखी ठळक होतो. वाडा रस्त्याकडे पाठ करून आतल्या चौकाभोवती वसतो, त्याची श्रीमंती दिंडी दरवाज्याच्या आत गेल्यावरच कळते. गार्डन रीचची श्रीमंती मात्र बाहेरूनच दिसावी अशी मांडलेली होती, कारण जे लोक ती पाहणार होते ते सोयरे नव्हते, तर राज्यकर्ते आणि प्रतिस्पर्धी व्यापारी होते.

मात्र केवळ घर बांधून ससून थांबले असते, तर त्यांची आठवण पुण्याने एवढी जपली असती असे वाटत नाही. छावणीत १८६३ ते १८६७ या काळात ओहेल डेव्हिड हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, बांधले गेले. तांबड्या विटा आणि काळा दगड यांनी घडलेल्या या वास्तूला पुणेकर आजही ‘लाल देऊळ’ म्हणतात. तिचा सुमारे ९० फूट उंचीचा घड्याळी मनोरा चर्चच्या मनोऱ्याची आठवण करून देतो, वास्तविक ज्यू उपासनेला मनोऱ्याची वा घंटेची गरज नसते. म्हणजे निवासस्थानाप्रमाणे प्रार्थनास्थळातही मालकाने राज्यकर्त्यांची वास्तुभाषा उसनी घेतली आणि आतला विधी मात्र आपला ठेवला. डेव्हिड ससूनचे नोव्हेंबर १८६४ मध्ये पुण्यात निधन झाले आणि त्याची कबर या सिनेगॉगच्या आवारातच, कोरीव दगडी थडग्याच्या रूपात आहे. ससूनांच्या देणगीतून उभारलेले आणि १८६७ मध्ये सुरू झालेले रुग्णालय आज ससून सर्वोपचार रुग्णालय म्हणून पश्चिम महाराष्ट्रातील गोरगरिबांचा मोठा आधार आहे. निराधार व अपंगांसाठी त्याच दशकात निघालेले डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह ‘निवारा’ या नावाने ओळखले जाते.

घर, देऊळ, समाधी आणि अनाथांचा आश्रय हा क्रम मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. पेशवाईतील सरदार पुण्यात वाडा बांधी, देवालय उभारी, घाट किंवा धर्मशाळा बांधून देई आणि मृत्यूनंतर त्याची छत्री देवळाशेजारी होई. वानवडीला महादजी शिंद्यांची छत्री व तेथील शिवमंदिर यांचा जोड याच परंपरेतला आहे. ससूनांनी ही परंपरा अभ्यासून अनुसरली असे म्हणण्यास आधार नाही, कारण दानाला धर्मकर्तव्य मानणारी ज्यू परंपरा त्यांच्यापाशी होतीच. तथापि त्यांच्या बांधकामांचा जो आकृतिबंध तयार झाला, तो पुण्याला पाहता क्षणी कळण्यासारखा होता, आणि म्हणूनच ज्याची भाषा, पोशाख व देव वेगळे होते अशा माणसाचे नाव लोकांच्या तोंडी रुळले.

या आपलेपणाला मर्यादाही होत्या. कोकणात शतकानुशतके राहून मराठीला मातृभाषा मानणारा, तेलाच्या घाण्याच्या धंद्यामुळे आणि शनिवारी काम बंद ठेवण्याच्या व्रतामुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाणारा बेने इस्रायल समाज मुंबई-पुण्यात होता. त्यालाच महाराष्ट्राचा मूळचा ज्यू समाज म्हणता येईल. बगदादी ज्यूंनी त्याच्याशी एकरूप होण्याऐवजी बव्हंशी अंतर राखले, आणि त्यांची पुढची पिढी मराठीकडे न वळता इंग्रजीकडे वळली. डेव्हिडचा थोरला मुलगा अब्दुल्ला याने अल्बर्ट हे नाव घेतले, १८७२ मध्ये त्याला ‘सर’ हा किताब मिळाला, त्याने मुंबईत ससून डॉक बांधून १८७५ मध्ये पश्चिम भारताला पहिली ओली गोदी दिली आणि त्याच सुमारास इंग्लंडमध्ये बिऱ्हाड केले. ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्याने स्वतःसाठी उभारलेली समाधी हिंदुस्थानी धर्तीच्या घुमटाची आहे. पुण्यात ज्या घराण्याला इटालियन मनोरा हवासा वाटला, त्यालाच इंग्लंडमध्ये पौर्वात्य घुमट हवासा वाटला. या विसंगतीतून मिश्रशैलीचा स्वभाव उघड होतो, कारण ती जेथे उभी असते तेथे मालकाचे अन्यत्व आणि त्याचा दर्जा एकाच वेळी सांगत असते.

अशा वास्तूंचा अभ्यास महाराष्ट्रात आजवर दोन टोकांनी झाला. एका बाजूने त्यांना वसाहतकालीन चैनीचे अवशेष मानून वगळण्यात आले, तर दुसऱ्या बाजूने दात्यांच्या औदार्याचे गोडवे गाताना पैशाचे मूळ विसरले गेले. या दोन्ही दृष्टींना ओलांडायचे असेल तर वास्तू, पेढी आणि दान यांचे हिशेब एकत्र मांडावे लागतील: माळव्यातील अफूचा शेतकरी, चीनमधील व्यसनी, वऱ्हाडातला कापूसवाला, घाटात रेल्वेसाठी खपलेला मजूर, दख्खनचा काळा दगड घडवणारा पाथरवट आणि रुग्णालयाच्या दारात आलेला रोगी हे सर्व या एका घराच्या इतिहासातील वाटेकरी आहेत. त्यांपैकी घर फक्त मालकाच्या वाट्याला आले. देऊळ एका लहान समाजाच्या आणि रुग्णालय सर्वांच्या वाट्याला आले. वैनगंगेच्या खोऱ्यातील तलावांना जो न्याय लागतो, तोच येथेही लागतो, आणि त्यामुळे गार्डन रीचचे मूल्यमापन त्याच्या भिंतींपाशी संपवता येत नाही. ते संपत्तीच्या उगमापासून तिच्या उपयोगापर्यंत न्यावे लागते. वाचकाने पुढील प्रत्येक तपशील, मग तो मनोऱ्याचा असो वा देणगीचा, याच मापाने तपासावा, एवढीच या प्रस्तावनेची अपेक्षा आहे.